डाव्या पिळाची दोरी

ते साल १९५८. मी एकोणीस वर्षांची होते आणि लग्न होऊन जपानातल्या नोतोच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या गावात मला जेमतेम एक पावसाळा झाला होता. गावाला समुद्राच्या अंगानं बारीक बांबूंची भिंत होती, घरांच्या वळचणीच्याही वर जाणारी. नोव्हेंबरात पुरुष कुजके बांबू काढून नवे खोचत आणि मग झाडून सगळे साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्ट्यांवर कामाला निघून जात. चेरी फुलेपर्यंत गाव बायकांचं.

माझे यजमान एइझो असेच गेले. घरात उरलो मी, माझ्या सासूबाई तोने, आणि वेल.

वेल कृष्णकमळाचा होता. माझे थोरले दीर क्यूकिची मालवाहू बोटीवर होते. दक्षिणेच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी आणली. "आई, याचं फूल घड्याळासारखं दिसतं म्हणे. फुललं की मला दाखव," एवढं सांगून ते पुन्हा बोटीवर गेले. ती बोट आदल्या हिवाळ्यात बुडाली. माणूस नाही, हाड नाही, टोपीसुद्धा मिळाली नाही. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. देवळातल्या कबरीत त्यांचं काही नव्हतं. सासूबाईंकडे होतं ते एवढंच, परसात भिंतीला लागून चढलेलं.

दोन हिवाळे तो वेल जमिनीपर्यंत जळाला होता आणि उन्हाळ्यात मुळापासून फुटला होता. फूल एकदाही आलं नव्हतं. "यंदा वरची काडी वाचली तर फूल धरेल," सासूबाई म्हणायच्या. "माझ्यातही आता फार हिवाळे उरले नाहीत."

त्यांनी मला सगळं शिकवलं. बुंध्याशी भाताच्या तुसाचा ढीग. न्हाणीच्या धुराड्यापाशी, जिथे थोडी ऊब लागते, तिथे वेल वळवून घ्यायचा. वरून पेंढ्याची चटई, पण तोंड थोडं उघडं, नाहीतर आतल्या आत कुजतो. खारा वारा सुटला की दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यानं पानं पुसायची. "थंडीनं नाही मरत हा. वारा त्याचं पाणी पिऊन टाकतो, त्यानं मरतो."

शेजारच्या सावाकाकू कुंपणावरून बघत असायच्या. "झालं का पोराला पांघरूण घालून? सुनेला जपत नाहीस एवढं."

"सून आपल्या पायांनी शेगडीपाशी येते," सासूबाई म्हणायच्या. "याला पाय कुठेत?"

वर्षअखेरीच्या एका दुपारी वारा असा सुटला की चटईची बांधणी सैल झाली. सासूबाईंची बोटं तोवर वाकडी झाली होती; गाठ मारणं त्यांना जमत नसे. मी ओसरीतून हाताला लागली ती दोरी घेतली, चटई आवळून बांधली आणि आत पळाले. सकाळी सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"फुमी, ही दोरी कुठली घेतलीस?"

तेव्हा मी पीळ बघितला. रोजच्या कामाची दोरी उजव्या पिळाची असते. ही डाव्या पिळाची होती, नव्या वर्षाला देवाच्या दारावर लावायला वळलेल्यातली उरलेली. डाव्या पिळाची दोरी आमच्यात माणसांच्या वस्तूला बांधत नाहीत. ती बांधली की अलीकडचं आणि पलीकडचं यांची हद्द तिथे पडते.

"सोडते," मी म्हणाले.

"सोड, सोड," सावाकाकू पलीकडून म्हणाल्या. "असलं घरात नको."

सासूबाईंनी दोरीवर हात ठेवला. "राहू दे. मारलेली गाठ आहे. आता हा पलीकडच्यांचाही झाला. त्यांनीही थोडं बघावं याच्याकडे."

जानेवारीत मोठं वादळ आलं. लाटांचा फेस, ज्याला आम्ही लाटांची फुलं म्हणतो, कापसासारखा उडून छपरांवर पडत होता. भर दुपारी कडकड आवाज आला आणि आमच्या वाट्याच्या भिंतीला, बरोबर वेलासमोर, दारातून माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. वारा सरळ चटईवर येऊ लागला. सासूबाई उठल्या आणि पेंढ्याचा अंगरखा चढवायला लागल्या.

"आई, वारा उचलून नेईल तुम्हाला."

"मग त्याला कोण झाकणार? तू गाठ मारशील, बांबू कोण खोचणार? पुरुष आहे का कोणी गावात?"

मी त्यांना मागून घट्ट धरलं. त्या माझ्याहून हलक्या होत्या. अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच बसलो आणि मग त्या माझ्या हातातच झोपल्या.

सकाळी वारा तसाच होता. भगदाड नव्हतं.

बांबू नवे होते, हिरवे, शेंड्याला पानं असलेले. आडव्या काठ्यांना ते बाहेरून बांधले होते, समुद्राच्या बाजूनं. मी फटीतून बघितलं. पलीकडे उभं राहायला जागाच नाही. कातळ आणि खाली पाणी. अलीकडे बर्फ पडला होता, त्यावर एकही पाऊल नव्हतं. दोरी डाव्या पिळाची होती आणि तिच्यातून खारं पाणी ठिबकत होतं.

मी सावाकाकूंना विचारलं. "मी?" त्या म्हणाल्या. "मला वरचं लोणचं काढायला स्टूल लागतं." पण त्या हसल्या नाहीत, आणि त्यानंतर आमच्या परसाकडे त्यांनी पाठच केली.

सासूबाई मात्र फटीतून बोट घालून गाठ चाचपत होत्या. "टोकं बघ केवढी सोडलीत. हजारदा सांगितलं, दोरी पुरवून वापर म्हणून. लहानपणापासून तसाच." त्यांचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

तेव्हापासून त्या रोज भिंतीशी चहाचा पेला ठेवू लागल्या. चहा प्यायलेला कधी दिसला नाही. फक्त त्या वाऱ्यात तो संध्याकाळपर्यंत कोमट राहायचा. मी हात लावून बघितलंय.

वेल वाचला. वाचला एवढंच नाही, फेब्रुवारीत, जेव्हा मुळा जमिनीत गोठतो, तेव्हा त्याला कोवळे तणावे फुटले. आधाराला काही शोधत वळतात ते हिरवे दोरे. धुराड्याची ऊब सोडून सगळे भिंतीकडे निघाले होते. एक तर बांबूंमधून पार बाहेर गेला होता.

मला वाटलं, खाऱ्या वाऱ्यात शेंडा जळेल आणि सासूबाईंना लागेल. म्हणून दुपारी मी एकटीच गेले. फटीतून हात घालता येईना. मी तणावा हलकेच आत ओढला.

आला नाही. काहीतरी धरून बसला होता.

मी पुन्हा ओढला.

पलीकडून तो सैल झाला. एकदम नाही. एक वेढा. थांबून दुसरा. मूल झोपल्यावर त्याच्या मुठीतून आपण बोट सोडवतो तसं, सावकाश, काही तुटू न देता.

शेवटचा वेढा सुटला आणि तणावा फटीतून माझ्याकडे सरकवला गेला.

त्याला बोटाच्या जाडीचं वळण तसंच राहिलं होतं.

मी घरात गेले. सासूबाई मुळ्याचं लोणचं चिरत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गार आहे का गं बाहेर?"

"नाही," मी म्हणाले. "फारसं नाही."

"मग राहू दे त्याला तिकडे."

मी जाऊन तो तणावा पुन्हा फटीतून बाहेर दिला.

जूनमध्ये कळी आली, त्याच बाहेर गेलेल्या फांदीला. फूल समुद्राकडे तोंड करून उमललं. आम्हाला फक्त त्याची पाठ दिसली, फिकट हिरवी. मी ते आत वळवू बघत होते, तर सासूबाईंनी माझा हात धरला. "ज्याला दाखवायचं त्याला दिसतंय."

त्यानंतर सासूबाई सात वर्षं जगल्या आणि एका ऑक्टोबरात, चटई बांधून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, झोपेत गेल्या. सावाकाकू मुलीकडे ओसाकाला गेल्या; निघताना मला म्हणाल्या, "लोकांना सांग बांबू मीच लावले. मी लावले असते तर गाठ तरी नीट मारली असती." एइझोंना मी हे एकदाच सांगितलं. पुढच्या नोव्हेंबरात त्यांनी वेलासमोरची भिंत जरा विरळ बांधली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. गावातली आमची जागा आता रिकामी आहे.

मी कानाझावात मुलीकडे राहते, पाचव्या मजल्यावर. वेलाची फांदी बरोबर आणली होती. तो आता गॅलरीच्या कठड्यावर चढलाय. माझी बोटं सासूबाईंसारखी झाली आहेत. चिझुरूनं, माझ्या मुलीनं, प्लास्टिकचं कापड गुंडाळून दिलं होतं. परवाच्या वाऱ्यात ते फाटून गेलं.

आज सकाळी चिझुरू गॅलरीतून म्हणाली, "आई, ही पेंढ्याची दोरी कुठून आणलीस? ओली आहे पार. आणि टोकं तरी कापायची."

मी चहाचा पेला घेऊन बाहेर गेले. वारा होता. पानं, फांद्या, वाळत घातलेले कपडे, सगळं हलत होतं. एकच तणावा कठड्यातून बाहेर गेला होता, खाली रस्ता असलेल्या रिकाम्या हवेत, आणि तो ताठ होता.