अर्जावरचं दुसरं नाव

झडीतून दोन दिवसांची उघडीप मिळाली होती. सुगंधा अंगणात तांदूळ पाखडत होती आणि वारा नेमका ओसरीकडे वळला. तिथे बसलेल्या इसरूच्या ओल्या शाईवर सगळा कोंडा जाऊन बसला.

"बाई, हा अर्ज कलेक्टरसायबाकडं जाऊन राह्यला," कागद फुंकत तो म्हणाला. "जमिनीचा अर्ज हाय का जेवनाचं बोलावनं, काय समजतील ते?"

"मंग वाऱ्यावर दावा लावा ना, मुनसीजी." तिने मान वर केली नाही. हसू मात्र लपलं नाही...

हे चामोर्शीतलं, सन चौपन्नच्या आषाढातलं. गावात नोंदणी झालेली एक धर्मकोठी होती. सुगीत घरोघरचे शेतकरी तिथे पायलीभर चांगलं धान देत आणि पावसाळ्यात त्याचा तांदूळ विधवांना फुकट मिळे. गुणवंतराव तिचे अध्यक्ष. सुगंधा कोठीचं धान कांडायची. तिची विधवा आई रुखमाबाई त्याच तांदळावर पावसाळा काढायची. आणि इसरू, गुणवंतरावांच्या मेहेरबानीने, कोठीच्या ओसरीवर लोकांचे अर्ज लिहायचा.

त्या दिवसापासून सुगंधाचं सूप रोज वीतभर ओसरीकडे सरकू लागलं. इसरूही भरलेली दौत उगाच पुन्हा भरायचा. गावाला कळायचं ते कळलं होतं. या दोघांनाच काही ठाऊक नव्हतं म्हणे.

पण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती आली, ती हसलीच नाही. तिने पदराची गाठ सोडून तांदळाच्या दोन मुठी त्याच्यासमोर ठेवल्या. एक बारीक, शुभ्र लुचई. दुसरीत किडे वळवळत होते.

"हा गुणवंतरावच्या पुतन्याच्या दुकानात इकून राह्यले. अन् हा... माह्या मायले भेटला."

"लुचई तं कोनाच्याबी दुकानात असते."

"माहा हात हलका पडते. दान्यावर तांबूस रेघ राह्यते, पाहा. मी कांडलेला तांदूळ मीच नाई ओळखनार?" तिने लुचईची मूठ त्याच्याकडे सरकवली. "चांद्याच्या मोठ्या कचेरीले अर्ज लिवा. निनावी."

"निनावी अर्ज चुलीत जाते," इसरू हळूच म्हणाला. "अन् एकाच नावाचा असला, तं म्हनतील वैरापायी केला. दोन नावं पायजेत."

नाव द्यायचं म्हणजे आईचा तांदूळ बंद. सुगंधाने घरी भीत भीत विचारलं. रुखमाबाई किडे निवडतच होती. "आताबी मी कोनतं पक्वान्न खाऊन राह्यली? दे नाव."

दुसऱ्या नावासाठी ती कोठीचाच तांदूळ खाणाऱ्या शकुबाईकडे गेली, आणखी पाच घरी गेली. सगळ्यांना पटत होतं, सही करायला मात्र कोणी तयार नव्हतं. भुरभुर पावसात ती रिकामी परतली.

इसरूने अर्ज लिहून ठेवला होता. अंगठा उठवायला हात धरावाच लागतो. त्याने तो जरा जास्तच वेळ धरला. मग तिच्या अंगठ्याशेजारी त्याने स्वतःचं नाव लिहिलं. अर्जनवीसाचं नाव एरवी कागदाच्या तळाशी, 'लिहिणार' म्हणून बारीक अक्षरात असायचं. आज ते अर्जदार म्हणून ठळक बसलं.

"तुमची जागा जाईल," ती पुटपुटली.

"जाऊ दे. चिंचेखाली बसीन." त्याने दौतीचं झाकण लावलं. "तू... तिथं येशील का, तेवढं सांग."

"अर्ज तं जाऊ द्या आधी," ती म्हणाली आणि लगबगीने निघून गेली.

अर्ज टपालात पडला आणि खबर गुणवंतरावांपर्यंत पोचली. चौथ्या दिवशी ओसरी गेली, रुखमाबाईचा तांदूळही गेला. इसरू चिंचेखाली छत्री धरून लिहू लागला. आपल्या घरचे तांदूळ तो रुखमाबाईकडे पोचवायचा आणि तिथेच रांधलेला भात दुपारी सुगंधा त्याला आणून द्यायची. येताना तिला भीती वाटायची आणि तरीही तिची पावलं भरभर पडायची. इतकं सुख तिला कधी झालंच नव्हतं.

श्रावणात बोलावणं आलं. भरलेली वैनगंगा डोंग्यातून ओलांडून दोघे चांद्याला पोचले. धर्मादाय संस्थांच्या कचेरीतल्या साहेबाने जबान्या घेतल्या, दोन्ही मुठींतले दाणे भिंगाखाली धरले आणि बराच वेळ पाहिले.

"कोठीला आजच सील लागेल," तो म्हणाला. "चौकशी होईपर्यंत तांदूळ तहसीलदार वाटतील. तुझ्या आईचं नाव यादीत पहिलं."

सुगंधाचे डोळे भरून आले. साहेबाने कागद कारकुनाकडे सरकवला.

"अर्जदारांचं आपसात नातं?" कारकुनाने विचारलं. "बहीणभाऊ का?"

"नाई सायेब, आमी तसे कोनीच—" इसरू अडखळला.

"लिवा," सुगंधा म्हणाली. "होनारा नवरा. लगन दिवाळी झाल्यावर हाय."

इसरूला ही बातमी कारकुनाबरोबरच कळली. गावभरचे अर्ज वळणदार अक्षरात लिहिणाऱ्या त्या माणसाची सही त्या दिवशी सरकारी कागदावर पार वाकडी आली.