नवमीचं ताट

चार वर्षांच्या संस्कृतीचं अंथरूण रोज पहाटे ओलं सापडायचं, आणि त्या काळजीनं सायलीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टर म्हणाले, सवय आहे, जाईल. पण ओल उशीकडून सुरू व्हायची. तिला गंजल्या लोखंडाचा वास होता. एकदा सायलीनं बोट जिभेला लावून पाहिलं. खारट. लेकीचं अंथरूण चाखणारी आई. डॉक्टरची गरज नक्की कुणाला होती, कोण जाणे.

"ओले आजोबा उशाशी बसतात," संस्कृती म्हणायची.

समुद्र पाहिलेला घरात एकच माणूस, सायलीचे नौदलातले आजोबा कडूबा. एकाहत्तरच्या लढाईत ते जहाज सोडून पळाले, असं सगळे सांगत. आजी आशाबाई पळपुट्याची बायको म्हणून टोमणे खात जगली, कुंकवानिशी गेली. म्हणून तिचं श्राद्ध दरसाल अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायांच्या दिवशी.

विचारत विचारत सायली शहागंजात कमरोद्दीनचाचांपर्यंत पोचली. ते त्याच जहाजावर होते.

"भागा? किसने बोला? जहाज डूब रहा था, नीचे अडकलेल्या पोरांना काढायला उतरला. ऊपर आयाच नहीं. मैं खुद आके उसके भाई को बताया था, बेटी."

नवमीला भरदुपारी आभाळ दाटलं, लाइट गेली. वाळूजच्या घरी आजीच्या फोटोपुढं ताट वाढलेलं. कडूबांचे धाकटे भाऊ मोतीराम पाटावर बसलेले.

"उचला ते ताट," सायली म्हणाली. "आजी सवाष्ण नव्हती. कमरोद्दीनचाचा तुम्हाला सांगून गेले होते."

मोतीरामांनी मान खाली घातली. पाऊस नव्हता, तरी कुठंतरी पाणी ठिबकत होतं...

"मेला म्हणलो असतो, तर जमिनीत वहिनीचा वाटा निघाला असता..."

"आणि त्यासाठी जन्मभर तिला छळलंत? मेल्यावरही खोटी सवाष्ण केलीत?"

"लई आवाज चढवू नको, पोरी." त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि भसकन थुंकले. "खारं... कुणी मीठ घातलं?"

आजीच्या ताटाशेजारी सायलीनं कडूबांचं ताट वाढलं. गंजाचा वास दाटून आला. उंबऱ्यातून संस्कृती मोतीरामांच्या पाठीमागं टक लावून पाहत होती. त्यांच्या सदऱ्याचे खांदे हळूहळू भिजत होते.

सायलीनं तिला घट्ट जवळ घेतलं. "आता आजोबा जेवतील आणि जातील, हो ना गं?"

"ते म्हणतात, जेवायचं नाही," संस्कृती म्हणाली. "खाली लई अंधार आहे. मोत्याला सोबत नेतो."