दुसऱ्या खुर्चीचा शेरा

दिवा राहू दे, बाळ. इतक्यात घाबरण्यासारखं काही नाही. सुरुवात तर एका साध्या कार्यालयातली आहे. आणि ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या साडूनं समोर बसून सांगितलेली आहे.

बावीस शाळांची मुलं इंटरनेटवर काय लिहितात, ते वाचायचं, हे त्याचं काम. कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची भाषा करतंय का, एवढंच बघायचं. खोलीत दोन संगणक, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर एक निवृत्त नर्सबाई. दोघांनी ‘धोका’ असा शेरा दिला तरच मुलाच्या घरी फोन जायचा. दोघांचं जुळलं नाही, तर तेच लिखाण पुन्हा समोर यायचं.

बाई वारल्या. नवीन माणूस काही आला नाही. मग हाच उठून त्यांच्या संगणकावर त्यांचाही शेरा द्यायचा.

“म्हणजे मेलेल्या माणसाची सही तुमचे साडूच ठोकायचे, मामा?”

वरूनच तसं सांगितलं होतं. आणि रोज चारशे मुलांचं दुःख वाचून माणूस बधिर होतो गं. जेवणात मीठ नाही, हेसुद्धा त्याला कळेनासं झालं होतं.

बाईंना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. मंगळवार, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. सोळा वर्षांच्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘उद्या पहिल्या तासाला सगळे गप्प होतील.’ साडूनं जांभई दिली. धोका नाही. उठून बाईंच्या संगणकापाशी गेला.

तिथे शेरा आधीच होता. धोका.

त्यानं तो बदलला. जागेवर आला. तेच लिखाण पुन्हा समोर. पुन्हा उठला.

धोका.

“भुताला पासवर्ड कसा कळला?”

बाईंचाच होता ना तो.

तिसऱ्यांदा तो उठलाच नाही. बाईंची खुर्ची त्याच्याकडे वळलेली होती. भीतीसुद्धा वाटली नाही, म्हणाला. तेच वाईट. त्यानं आपला शेरा बदलला. मुलाच्या घरी फोन लावला.

पहिल्याच घंटेला मुलाची आई बोलली. अगदी हळू.

“तुमच्या बाई आल्यात ना. आत त्याच्याशी बोलताहेत. मला बाहेर बसवलंय.”

“कोण बाई?” साडूनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला,

“ताई, दार उघडा.”

दार उघडल्याचा आवाज आला. साडूनं दुसऱ्या फोनवरून पोलिसांना कळवलं.

पोलीस पोचले तेव्हा मुलगा गाढ झोपला होता. दप्तरात सुरा. खोलीत दुसरं कुणी नाही. खिडकीला गज. उशाशी एक कागद. त्यावर वर्गातल्या चार मुलांची नावं, प्रत्येक नाव आडवी रेघ मारून खोडलेलं.

खाली पाचवं नाव. वेगळ्या अक्षरात, साडूनं ओळखलं, बाईंच्या. माझ्या साडूचं.

त्या घरात ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यावर रेघ नव्हती.