कासारखेड्याचा पडलेला मनोरा

खानदेश हा एकेकाळी खराखुरा देश होता, हे आमच्या ह्यांचं लाडकं वाक्य. सुलतान होते, थाळनेरला राजधानी होती. आणि आता लोक जळगावला सोनं घ्यायला उतरतात, अजिंठा बघतात आणि परतीची गाडी पकडतात, याचा त्यांना मनापासून राग. म्हणून रविवार आला की आमची प्रिया स्कूटर पिंप्राळ्यातून निघायची. पाटणादेवी झाली, एरंडोलचा पांडववाडा झाला, पारोळ्याचा किल्ला, उनपदेवचं गरम पाणी. लळिंग चढताना माझी चप्पल तुटली तेव्हा हे म्हणाले, "राणीसाहेब अनवाणीच शोभतात." धुळ्यात मी त्यांच्याकडून सगळ्यात महागडी चप्पल वसूल केली.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात आम्ही कासारखेड्याला गेलो. फरकांड्याचे झुलते मनोरे पुष्कळांना माहीत असतात. एक हलवला की दुसराही हलतो. तसलीच जोडी कासारखेड्यालाही होती, पण तिकडे कुणी फिरकत नसे, कारण त्यातला एक मनोरा कधीच पडला होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. दोन्हींचा पाया एकच असेल तर एकाचा हेलकावा दुसऱ्यात जातो, त्यात चमत्कार कसला, असं मी मागच्या सीटवरून ओरडून सांगत होते. मला तेव्हा पाचवा महिना लागला होता आणि रस्ता असा, की निम्मं लक्ष पोटाकडेच.

पडकी मशीद गावाबाहेर कपाशीच्या वावरात होती. उभा राहिलेला मनोरा विटांचा, आत एकाच माणसापुरता चक्री जिना, वर खिडकी. दुसऱ्याच्या जागी विटांचा ढीग आणि त्यावर वाढलेली बाभूळ. शेजारच्या घरातली हमीदा कापूस वेचता वेचता उठून आली. पन्नाशीची बाई, ओटीत कापूस तसाच. तिने मनोऱ्याच्या दाराची कडी काढून दिली.

पूर्वी उरुसाला इथे माणसं जोडीने यायची म्हणे. एक या मनोऱ्यात चढायचा, एक त्या. इकडचा भिंतीला तळवे लावून रेटायचा, तिकडच्याला हेलकावा कळायचा. मग तो रेटून जबाब द्यायचा. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, दोस्त.

"भाऊ, वर जा," हमीदा ह्यांना म्हणाली. "पन हालना ते हालू द्या. जवाब देऊ नका."

"का बरं?"

"तठे कोनी नई शे. मंग जवाब कोनले देशात?" ती ढिगाकडे बोट दाखवत म्हणाली. तिथे कुणीच नाही, तर जबाब द्यायचा कुणाला.

हे हसले. मला म्हणाले, "तुम्ही दोघं खालीच थांबा." दोघं म्हणजे मी आणि पोट. जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज फिरत फिरत वर गेला.

मी ढिगापाशी सावलीत उभी राहिले. वारा अजिबात नव्हता. कपाशीचं एक बोंड हलत नव्हतं. तरी ढिगावरून विटेचा चुरा घरंगळत खाली आला, पुन्हा आला, आणि बाभळीखालची शेळी उठून दावं ताणेपर्यंत लांब गेली.

"लीला, हा हलतोय गं," हे खिडकीतून म्हणाले. "मी काही केलेलं नाही."

मला पटलं नाही. मागे विजेचा खांब होता, त्याच्याशी मी मनोऱ्याची कड ताडून पाहिली. कड खांब झाकत होती आणि सोडत होती. अगदी सावकाश. मी ढिगातल्या एका विटेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. वीट आतून थरथरत होती. खरं सांगते, त्या क्षणी मला विज्ञान आठवलं नाही, घर आठवलं.

"अहो, उतरा."

"थांब, पोच तर देतो."

हे वरणगावच्या कारखान्यात टेलिफोन एक्स्चेंजवर होते. इशारा आला की आधी पोच द्यायची, मग विचार करायचा, ही त्यांच्या हाताला लागलेली सवय. घरी दाराची कडी वाजली तरी झोपेतून "हो, मिळाला" म्हणायचे. मी त्यावरून त्यांना किती चिडवलं होतं.

हमीदाच्या ओटीतला कापूस खाली पडला. "नका, भाऊ," ती म्हणाली.

मनोरा एकदा झुकला, दुसऱ्यांदा झुकला. आणि एकदम थांबला.

खिडकीत हे नव्हते.

मी हाका मारल्या. हमीदाने माझं मनगट धरलं, ते मी सोडवलं आणि जिन्यात शिरले. खांदे दोन्ही भिंतींना घासत होते. कुणी खाली येत असतं तर मला धडकल्याशिवाय जाऊच शकलं नसतं.

वर कुणी नव्हतं. भिंतीवरच्या धुळीत दोन तळव्यांचे ताजे ठसे होते.

"लीला, अगं मी इकडे आहे."

इतका जीव भांड्यात पडला की मला रागच आला. मी खिडकीतून वाकून खाली पाहिलं. स्कूटर होती. हमीदा होती. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"हलव ना गं. म्हणजे कळेल तू कुठे आहेस."

आवाज खालून येत नव्हता. समोरून येत होता, माझ्याच उंचीवरून, बोळापलीकडच्या घरातून यावा इतक्या जवळून. समोर, पडलेला मनोरा जिथे उभा असायचा तिथे, नुसतं आकाश होतं.

माझ्या पायाखाली मनोरा हलला.

माझे हात भिंतीकडे गेले. मला जायचं होतं त्यांच्याकडे, यात खोटं काही नाही.

पोटात काहीतरी हललं. पहिल्यांदाच.

मी हात पदरात गुंडाळले आणि भिंतीला खांदा घासत खाली उतरले. ह्यांच्या हाका जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत येत होत्या. मी एकीलाही ओ दिली नाही.

पुढे पोलीस आले, आसपासच्या विहिरी पाहिल्या, ढीगही उपसला. हमीदाने मनोऱ्याचं दार विटांनी बुजवून घेतलं. मला मुलगी झाली. ती आता बालवाडीत जाते. कासारखेड्याचं नाव मी तिच्यासमोर कधी काढलेलं नाही.

दुपारी ती आतल्या खोलीत एकटीच खेळते. अलीकडे खेळता खेळता उठते, भिंतीला दोन्ही तळवे लावून रेटते आणि मान कलती करून थांबते. परवा मी तिला ओढून बाजूला घ्यायला गेले, तेव्हा तोल सावरताना माझा हात भिंतीला टेकला.

भिंत हळूच माझ्या हातावर रेलली.