योसेफबाबाचं पान

टप्प... असा एक इवलासा आवाज झाला आणि सकाळपासून त्या घरात दाटून राहिलेली शांतता मधोमध चिरली गेली.

तेरूच्या हातातली पणती शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडली होती. फुटली नाही, पण तेल सगळं सांडलं, आणि ती घरंगळत घरंगळत थेट मंजुळाच्या पायाशी येऊन थांबली... जणू दाद मागायलाच आली होती!

पडली म्हणजे काय, आजीनं पाडली होती. नातीच्या मनगटावर चापट मारून भिवराबाई अजून धापा टाकत उभी होती.

"किती बार सांगितलं, बाबाच्या कोनाड्याला हात लावायचा न्हाई म्हून! तुज्या आयचा हात वाईट, अन् तुजाबी त्योच. जा, छबुबाईच्या पोरीला बोलीव. ती लावंल दिवा."

तेरू रडली नाही. तिनं फक्त आपले दोन्ही हात पाठीमागं लपवले आणि आईकडं एकदा बघून ती बाहेर निघून गेली. ते बघणं मंजुळाच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

आज योसेफबाबाचा सण होता. चौसाळ्याच्या अलीकडं, ओढ्याच्या काठावर, वाख भिजवून दोर वळणाऱ्या ख्रिस्ती लोकांची ती मूठभर वस्ती. निजामाच्या मुलखात दूर कुठल्या तरी मिशनातून फादर छकड्यात बसून वर्षातून दोनचारदा यायचे. एरवी प्रार्थना घ्यायची ती मुंजाजी मास्तरांनी. वस्तीत देऊळ नव्हतं. पण भिवराबाईनं सगळ्यांच्या आधी, भावकीचा विरोध सोसून बाप्तिस्मा घेतला होता, म्हणून फादरांनी दिलेली संत योसेफाची वीतभर लाकडी मूर्ती तिच्याच घरच्या कोनाड्यात बसवलेली. वस्तीचा राखणदार संत तो, आणि भिवराबाई त्याची राखणदारीण!

सणाची रीत मोठी गोड होती. मारियामाता अवघडलेली असताना योसेफबाबा तिला घेऊन दारोदार फिरला आणि एकाही दारानं त्यांना आत घेतलं नाही. म्हणून त्याच्या सणाला, बाभळीला टांगलेली लोखंडी पट्टी वाजली की बाबाच्या दारात जो पहिला येईल, त्याला परत पाठवायचं नाही. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यानं खाली बसून त्याचे पाय धुवायचे, घोंगडीवर बसवायचं आणि पुरणपोळीचं पहिलं पान त्याला वाढायचं. त्याला म्हणायचं 'योसेफबाबाचं पान'. एका साली तर नारायणगडाला निघालेला गोसावीच येऊन बसला, पोटभर जेवला आणि जाताना अंगारा लावून गेला. भिवराबाईनं तोही कपाळाला लावून घेतला, नि मास्तर आठवडाभर फुरंगटून बसले!

आणि दिवा लावायचा तो घरातल्या धाकट्या पोरीनं. घरात धाकटी पोर एकच होती, तेरेजा ऊर्फ तेरू. पण तिला दिवा लावायची मनाई होती... कारण बाबाचा उजवा हात मोडलेला होता. वाखाच्या दोऱ्यानं बांधून कसाबसा उभा केलेला तो हात कुणी मोडला, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मंजुळानं!

बाप्तिस्म्यातलं तिचं नाव मार्था. ते मास्तरांच्या तोंडी. एरवी ती मंजुळाच. प्लेगाच्या साली तिचा नवरा शहादेव गेला, त्याच दिवशी तिच्या हातून मूर्ती पडली, असं तिनंच सांगितलं होतं. फादर म्हणाले, देव क्षमा करील. पण वस्तीनं केली नाही. तेव्हापासून कोनाड्याला तिनं शिवायचं नाही. प्रार्थनेला बसायचं ते दाराशी, चपलांच्या शेजारी. आणि मुंजाजी मास्तर दर सणाला बोट दाखवून सांगायचे, "नम्रता शिकायची तर मार्थाबाईकडं बघा! एक चकार शब्द न्हाई. आपला योसेफबाबा असाच. सबंध शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक बोल न्हाई!"

त्या एका वाक्याच्या आधारावर मंजुळानं दिवस काढले होते. बाबा बोलला नाही, मीही बोलणार नाही... कधीकधी तर दाराशी बसल्याबसल्या तिला आपल्या खाली घातलेल्या मानेचा किंचित गर्वही वाटायचा. मग ती स्वतःलाच भ्यायची. नम्रतेचा गर्व! असलं पाप कुणाला सांगावं तरी कसं?

कारण खरं जे होतं ते फक्त दोघींना ठाऊक होतं.

सगळं गाव तेव्हा माळावर झोपड्या टाकून राहिलेलं. कडब्याच्या झोपडीत शहादेव तापानं फणफणत होता, काखेत गाठ आलेली. आणि भिवराबाई घरून बरोबर आणलेल्या मूर्तीपुढं उपाशीतापाशी पदर पसरून बसलेली. सहा महिन्यांची पोटुशी मंजुळा त्याच्या ओठांना पाणी लावत होती. भर दुपारी ते ओठ हलायचे थांबले. भिवराबाई उठली. रडली नाही, ओरडली नाही. तिनं मूर्ती उचलली. "तुज्यापायी मी माजे देव सोडले, भावकी सोडली... अन् तुला माजा येक लेक सांभाळता आला न्हाई?" असं म्हणत तिनं ती जात्यावर आपटली! हात तुटून चुलीपाशी जाऊन पडला. बाहेर पावलं वाजली. आणि सासूच्या चेहऱ्यावरचं ते भय, ते उजाड, अथांग, पोरकं भय पाहून मंजुळाच्या अंतःकरणात काहीतरी हललं. या माउलीचा लेक गेला. आता तिचा देवही गेला, तर ती जगेल कशावर?

"माज्या हातून पडला," ती आत आलेल्यांना म्हणाली. नवऱ्याचं अंग अजून ऊन होतं.

भिवराबाईनं तेव्हा खरं सांगितलं नाही. पुढं बोलायची वेळ टळून गेली. मग हळूहळू ते खोटं तिच्या जिभेवर इतकं बसलं, की सुनेला टोचताना तिला ते खरंच वाटू लागलं असावं!

मंजुळानं पणती उचलली, पुसली आणि ती तेरूला शोधत ओढ्यावर गेली.

पोर पाण्याच्या कडेला उकिडवी बसली होती. मूठभर वाळू, त्यात चुलीतली राख, आणि त्यानं ती आपले इवलेसे तळवे घासत होती... घासत होती... तळवे लालभडक झाले होते. एका बोटातून रक्त आलं होतं!

"तेरू! काय करतीस गं हे?"

"वाईट निघतंय का बघते," पोर मान वर न करता म्हणाली. "भांड्याचं निघतंय की, आई. माज्या हाताचं कावून निघंना?"

मंजुळाला वाटलं, पायाखालची ओली वाळू सरकतेय. आजवर किती टोमणे, किती अवहेलना तिनं पदराआड गिळली होती! पण ते सगळं तिनं स्वतःच्या मस्तकी घेतलं होतं. या कोवळ्या हातांना कुणी विचारलं होतं? आपल्या मौनाचं ओझं आपल्या नकळत या लेकराच्या डोक्यावर कधी गेलं? तिनं ते जळजळणारे तळवे ओठांना लावले, पोटाशी धरले, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आतच आटलं.

"पुरे झालं," ती म्हणाली. पोरीला नाही, स्वतःला.

घरी येऊन तिनं सासूला एकदाच विचारलं. "आत्याबाई, आज दिवा तेरू लावंल. लावू द्या."

"जबान लई चालाया लागली की!" भिवराबाई पुरण वाटता वाटता म्हणाली, पण तिची नजर वर आली नाही. "जरा नमतं घे, मंजुळा. सणासुदीचं आडवं लावू नगंस."

मंजुळानं तेरूला कडेवर घेतलं, चपला तिथंच ठेवल्या आणि अनवाणी पायांनी ती घराबाहेर पडली.

पट्टी वाजली. ठण्ण... ठण्ण...

अंगणात वस्ती जमली होती. भिवराबाई पाण्याचा तांब्या आणि परात घेऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली, रीतीप्रमाणं तिनं हाक दिली, "बाबाच्या दारात कोण हाय?"

"मी हाय," मंजुळा म्हणाली आणि लेकीला घेऊन उंबऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

कुणीतरी हसलं. शेजारच्या छबुबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया! चुलीपासली उठली अन् दारात पाव्हणी झाली! उद्या माजा म्हाताराबी आसाच येऊन बसंल की पोळी खायला."

"बसू दे की," मंजुळा म्हणाली. "पर आज पयली मी आले."

मुंजाजी मास्तर पुढं सरसावले. "मार्थाबाई, हे काय नवीनच! घरचं माणूस पाव्हणं कसं होईल?"

"ज्या घरात माज्या लेकराचा हात चालत न्हाई, ते घर माजं कसं, मास्तर?"

"हात का चालत न्हाई, हे साऱ्या वस्तीला ठावं हाय. ही नम्रता न्हवं, बाई! तुमच्याकडनं ही अपेक्षा न्हवती."

"नम्रता लई शिकले, मास्तर. दाराशी बसून शिकले, तुमच्या चपला राखून शिकले." तिचा आवाज चढला नाही, पण अंगणाच्या पार कडेपर्यंत गेला. "माजी मान मी खाली घातली, ती माज्या मर्जीनं. माज्या लेकीची मान कुणी दाबून खाली घालत आसंल, तर त्याला नम्रता म्हणत न्हाईत. त्याला जुलूम म्हणत्यात! बाबाच्या दारातून कुणाला परत लावायचं न्हाई, ही रीत हाय का न्हाई? हाय तर धुवा पाय. नसंल तर सांगा, मी चालले. आपल्या बाबालाबी त्या राती कुणी दार उघडलं न्हवतंच."

सगळ्यांच्या नजरा भिवराबाईकडं वळल्या. मंजुळाही तिच्याकडंच बघत होती. एक वाक्य... फक्त एक वाक्य तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभं होतं; ते सांडलं असतं तर त्या म्हातारीची सगळी इभ्रत या अंगणात मातीला मिळाली असती! पण मंजुळानं ते सांडू दिलं नाही. ती न्याय मागायला आली होती, सूड घ्यायला नव्हे.

भिवराबाई कशीबशी खाली बसली. गुडघे कडकड वाजले. तिनं परात पुढं सरकवली, सुनेच्या भेगाळलेल्या पायांवर पाणी ओतलं.

"हिचे बी," मंजुळा म्हणाली आणि तिनं तेरूला खाली सोडलं.

तोल जाऊ नये म्हणून पोरीनं आजीच्या खांद्याला धरायला हात पुढं केले... आणि भिवराबाईच्या डोळ्यांसमोर ते तळवे आले. सोललेले, लालबुंद, बोटावर रक्त सुकलेलं.

"हे... हे काय गं केलंस?"

"घासले, आजी," तेरू म्हणाली. "राखंनं घासले. अजून वाईट हायत का बघ की."

तांब्या भिवराबाईच्या हातातून गळून परातीत पडला. तिच्या तोंडून असा हंबरडा फुटला, की बाभळीवरची पाखरं उडाली!

"ह्यो हाय वाईट हात! ह्यो... माजा!" आपला सुरकुतलेला उजवा हात ती उंबऱ्यावर आपटू लागली. "बाबाला म्या आपटलं! माजा शहादेव गेला तवा म्या आपटलं! ह्या बयेनं माजं पाप डोक्यावर घेतलं अन् ती चपलांपाशी जाऊन बसली... अन् मी? मी तिलाच टोचून खाल्लं! कावून ठावं हाय? तिचं तोंड बघितलं का मला माजा हात दिसायचा, रं देवा!"

छबुबाईचा पदर तोंडावरून कधी गळला तिलाच कळलं नाही. मास्तरांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

मंजुळानं खाली वाकून तो आपटणारा हात दोन्ही हातांत धरला. "आत्याबाई, बास. लेक गेला हुता तुमचा. आईनं हात उगारला म्हून योसेफबाबा का रागावतोय? त्योबी बापच की."

"मला माफ करू नगंस, मंजुळा... येवढ्यात करू नगंस..."

"करायला वेळ लागंल," मंजुळा खरं तेच बोलली. "पर उठा. पाणी निवतंय, पोळ्या वाळत्यात. पान तुमी वाढा, मी जेवते. आज मी पाव्हणी हाय."

दिवा तेरूनं लावला. पणती तीच. कोनाड्यापर्यंत हात पोचेना, तेव्हा आजीनंच तिला उचलून धरलं. दोऱ्यानं बांधलेल्या हाताचा योसेफबाबा उजेडात आला, नेहमीसारखाच शांत, डोळे जरासे झुकलेले. मंजुळा दाराशी बसली नाही. ती कोनाड्यासमोर, सगळ्यांच्या पुढं, घोंगडीवर मांडी घालून बसली; आणि मास्तर गहिवरून काही बोलायला लागताच म्हणाली, "मास्तर, पुढल्या सणाला माजा दाखला देऊ नगा. दुसरा कुणीतरी शोधा."

मास्तरांनी मान हलवली. कधी नव्हे ते एक चकार शब्द न बोलता!

भिवराबाईनं पान वाढलं, पोळीवर तुपाची धार सोडली. पहिला घास मंजुळानं तोडला आणि सासूच्या तोंडापुढं धरला. म्हातारी तो रडत रडत चावत राहिली. दुसरा घास मंजुळानं तेरूसाठी उचलला. पोर आईच्या मांडीत शिरली होती, तिच्या तळव्यांना आजीनं तूप चोळलं होतं, आणि ती कोनाड्याकडं एकटक बघत होती.

"आई," तिनं विचारलं, "आजीनं आपटलं, ते योसेफबाबानं बघितलं हुतं ना? तुला सगळे बोलायचे, तेबी त्यो बघत हुता ना? मग त्यो कावून गप बसला गं?"