दीपमाला मॅडमचा मोह

सोनिया, तू हिंदीत विचार, मी मराठीतच सांगीन. पराग, मोबाईल ठेव बाजूले. माझा साडू धर्मपाल तुमाले माहीत आहे, वनखात्यात जीप चालवते तो. हे त्याच्यासोबत झालं.

दोन हजार तेवीस, डिसेंबरचा पहिला शनिवार. दिवस बुडता बुडता मोठ्या साहेबानं त्याले सांगितलं, पंडरी बाजारातून झाडं कापणारे आरीवाले दोघं घे अन् शहराबाहेर नवी राजधानी बनते तिकडे चल. रस्ता रुंद करायचा होता. मधात एक मोहाचं झाड येत होतं.

ते झाड दीपमाला गजभिये मॅडमनं वाचवलं होतं. गोंदियाकडची बाई. गार्ड म्हणून लागली, रेंजर झाली. लाकूडचोरांनी डोकं फोडलं, तरी टाके निघायच्या आधी जंगलात हजर. मोहाच्या कटाईवर तिनं सही केली नाही. म्हणे, पाऱ्यातल्या, म्हणजे इथल्या वस्तीतल्या, बाया याची फुलं वेचतात, त्याईले कोणी विचारलं?

साहेबानं तिले मोडक्या फर्निचरच्या खोलीत बसवलं. काम नाही, चपराशी नाही, पंखा नाही. दोन उन्हाळे. तिथंच खुर्चीत गेली ती. अन् शोकसभेत हाच साहेब डोळे पुसून राहिला होता, "हमारी दीदी थी." धर्मपाल मागं उभा होता. सांगत होता, दादा, माझ्या मुठी उघडत नव्हत्या.

शनिवारीच काहून? तं सोमवारी बाया कोर्टात जाणार होत्या. त्याच्या आधी झाड पाडून मोकळं व्हायचं होतं.

पोहोचले तेव्हा अंधार झाला होता. जीपचे लाईट झाडावर. पेट्रोलची आरी सुरू झाली. वीतभर आत गेली असंन...

बंद.

सुरू करायची दोरी ओढली. पुन्हा ओढली. पातं मागं येईना. साहेब समोरच्या सीटवरून शिव्या देऊन राहिला होता. त्याच सीटवर मॅडम बसायची, अकरा वर्सं.

मग शिव्या थांबल्या.

धर्मपालनं तिकडं पाहिलं. साहेब आरशात पाहून राहिला होता. मागच्या सीटकडं. धर्मपालची मान वळली नाही... पण आवाज त्यानं ऐकला. ओळखला.

"उतर."

जिवंतपणी तिनं साहेबाले कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

साहेब उतरला. दार... आपोआप लागलं. आरीवाले मशीन तशीच सोडून पळाले. साहेब त्यांच्या मागं.

धर्मपाल एकटाच राहिला.

"मॅडम?"

बाजूची सीट हळूच दबली. कोणी बसावं तशी.

तो पण बसून राहिला. भीती नाही वाटली म्हणे. रडू आलं, अन् राग... इतका राग, की स्टेअरिंगवर डोकं आपटलं त्यानं.

साहेबानं दुसऱ्याच दिवशी लांबची सुट्टी टाकली. त्या जीपमध्ये पुन्हा बसला नाही. सोमवारी बायाईले स्टे मिळाला.

"सच में, काका?"

हव, बेटा. रविवारी सकाळी धर्मपाल मशीन आणाले गेला. खिळा गिळाले झाडाले किती वर्सं लागतात, पाहिलं असंन तुम्ही. इथं एक रात्र झाली होती. कापल्याची खूण नाही. पातं पूर्ण आत, अन् त्याच्यावर जाड, भेगाळलेली, जुनी साल. मशीन बाहेर लटकून होती.

अजून आहे. सालीवरून मुंग्या चालतात.