दहा प्रश्नांचा डाव

बसा असे जवळ जवळ. दिवे यायचे तेव्हा येतील, तोवर सांगतो. पण मध्ये कुणी खिदळायचं नाही, आणि ‘मामा, खरंच का हो?’ असंही विचारायचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा. मी दातांच्या दवाखान्यात होतो ना, तिथे तो कवळ्या बनवून द्यायचा. नावाने त्याला कुणी हाक मारत नसे, सगळे कवळीवालाच म्हणायचे. हात इतका साफ, की त्याने केलेले दात बसवले की म्हातारी माणसं कारण नसताना हसत सुटायची.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. तेरा तारीख, शनिवार. सासूबाईंना मेव्हणीकडे पोचवायचं होतं, एवढंच काम. बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून हा निघाला. बस सुटली सहा पन्नासला. पोचायची वेळ सव्वादहा. थंडीचे दिवस, सुटतानाच बाहेर काळोख झाला होता.

सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, पण जिभेला धार तशीच. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी त्यांचं पालुपद एकच. “माझ्या पोरीला इंजिनीअर सांगून आला होता, आणि नशिबात आला हा दात घासणारा.” हाही काही साधा नव्हता. तोंडावर “हो आई, खरंय आई” म्हणायचा आणि मनातल्या मनात सगळं परत करायचा.

पहिला अर्धा तास त्यांनी जावयाच्या चुका मोजण्यात घालवला. पुढचा अर्धा तास गुडघ्यांना दिला. मग याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरू लागल्या. म्हातारीचं डोकं ते केवढं, पण खांद्याला रग लागली.

आता हा करणार काय? फोन गतप्राण झालेला. बसमधल्या सॉकेटात चार्जर ठरत नव्हता, बोटाने धरून ठेवावा लागायचा, तो नादही सोडला. तिकीट दोन्ही बाजूंनी वाचून झालं. रस्त्यावरचे विजेचे खांब मोजले, एकशे चाळीसच्या पुढे हिशेब चुकला. मग त्याने आपला नेहमीचा खेळ काढला. जो जांभई देईल त्याचे कुठले दात खरे, कुठले बसवलेले, ते ओळखायचं. पण बसमध्ये माणसंच थोडी. पुढे एक आजोबा, काठी वरच्या दांडीला अडकवलेली. कानात वायरी घातलेली एक मुलगी. चौकटीच्या शर्टातला एक माणूस, सारखा फोन उघडून बंद करणारा. कंडक्टर आणि ड्रायव्हर. बस्स. मागचा दिवा गेलेला होता, तिकडे काही दिसत नव्हतं.

“वेळ जात नाही ना?”

आवाज मागच्या सीटवरून आला. शांत, अदबशीर. एखाद्या निवृत्त कारकुनाचा असावा तसा.

“कसला जातोय,” कवळीवाला मान न वळवता म्हणाला. वळवली असती तर सासूबाई जाग्या झाल्या असत्या, आणि ते नको होतं.

“मग एक डाव खेळू. मी मनात काहीतरी धरतो. तुम्ही दहा प्रश्न विचारायचे, मी हो-नाही सांगणार. ओळखलंत तर वस्तू तुमची. नाही ओळखलीत तर माझी.”

कवळीवाल्याला हसू आलं. “मनातली वस्तू घेऊन करणार काय हो?”

“खेळाचा नियम आहे,” आवाज म्हणाला.

पहिला डाव त्याने निष्काळजीपणे घालवला. जिवंत नाही, लाकडाची, बसमध्येच आहे, एवढं कळलं. तरी दहावा प्रश्न संपेपर्यंत तो खिडकीची चौकट आणि सीटची पाठ यांतच घोटाळत राहिला.

“आजोबांची काठी,” आवाज म्हणाला. “माझी झाली.”

दहा मिनिटांनी एका फाट्यावर बस थांबली. आजोबा उठले, वर हात घातला. दांडी मोकळी.

“अहो, माझी काठी?”

कंडक्टरने टॉर्च मारून सगळ्या सीटखाली पाहिलं. “घरीच विसरला असाल, आजोबा.”

“घरी विसरलो असतो तर बसमध्ये चढलो कसा?” आजोबा रडवेले झाले. शेवटी कंडक्टरने हात धरून त्यांना खाली उतरवलं. बस निघाली.

कवळीवाल्याने त्या रिकाम्या दांडीकडे पुन्हा पाहिलं. बसमध्ये चढल्यापासून तो त्या काठीकडे बघत होता. तिच्याजवळ कुणी गेलंच नव्हतं.

“दुसरा डाव,” मागून आवाज आला.

“नको. मला झोप येतेय.”

“वस्तू मी धरली आहे. आता मागे घेता येत नाही. विचारा.”

त्याने डोळे मिटून घेतले. पण खांद्यावरचं घोरणं अचानक थांबलं… तेव्हा त्याने विचारलं.

“जिवंत आहे का?”

“आत्ता आहे.”

‘आत्ता’ हा शब्द कवळीवाल्याने माझ्यापाशी तीनदा उच्चारला होता, पोरांनो. तिन्ही वेळा आवाज फाटला होता.

“बसमध्ये?”

“हो.”

“माणूस?”

“हो.”

“पुरुष?”

“नाही.”

बसमध्ये बायका दोनच. एक ती मुलगी. आणि एक… ती मुलगी असावी अशी इच्छा त्याने केली. कुणाची तरी लेक ती, तरी केली. हे त्याने स्वतः कबूल केलं.

“तरुण?”

“नाही.”

खांद्यावरचं ओझं हलकं झालं. म्हणजे डोकं तिथेच होतं, केस मानेला लागत होते, पण भार कमी. जणू कुणीतरी पलीकडून हळूच उचलून धरलंय.

“ती… झोपलीय का?”

“हो.”

आणखी हलकं.

“माझ्या ओळखीची?”

“ते तुम्हाला ठाऊक.”

त्याने सासूबाईंचा हात पकडला. बर्फ. बोटं वळेनात.

“काय केलंय तिने तुमचं?”

“हो-नाहीचं विचारा. आठ झाले.”

“तुम्ही… या बसचे प्रवासी आहात का?”

मग, अगदी कानाशी,

“नाही.”

श्वास लागला नाही. शब्द कानाशी आला, पण बोलणाऱ्याचा श्वास कानाला लागला नाही.

“एक उरला,” आवाज म्हणाला. आणि मग फार मायेने, “नाही ओळखलं तरी चालेल. झोपेतच होईल. वय झालंय. तुम्हाला कोण बोल लावणार? घरी गेलात की शांतता. एकोणीस वर्षं ऐकून घेतलंत…”

हे त्या आवाजाला कुणी सांगितलं होतं?

बाहेर एक खांब गेला. दुसरा गेला. कवळीवाला गप्प होता. का गप्प होता, ते मी त्याला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पण तेवढ्या दोन खांबांसाठी तो माणूस अजून झोपेतून उठतो.

डोकं आता खांद्यावर नव्हतंच जणू. पिसासारखं…

“आई आहे ती!” तो ओरडला. “माझी आई!”

“बायकोची.”

“माझी! माझी आहे! सोडा तिला!”

धाडकन भार परत आला. त्याचा खांदाच खाली गेला. सासूबाईंनी मोठा श्वास घेतला, पाण्याखालून वर आल्यासारखा, आणि डोळे उघडले.

“अहो जावईबापू, ओरडता काय असे? आणि हात सोडा, बांगडी रुतली माझी.”

त्याने बेलची दोरी ओढली, ओढतच राहिला. बॅग एका हातात, सासूबाई दुसऱ्या हातात, दाराशी. वेळ नऊ वाजून पाच. कंडक्टर ओरडत होता, इथे स्टॉप नाही, रानात उतरून करणार काय. हा ऐकेना. वैतागून ड्रायव्हरने बस थांबवली.

पायरीवरून त्याने एकदाच वळून पाहिलं. मागच्या सीटवर काळोख होता. पण चौकटीच्या शर्टातला माणूस आपल्या जागी मागे वळून बसला होता. कुणाशी तरी बोलत होता. हसत.

“चालेल की,” तो म्हणत होता. “नाहीतरी वेळ जात नाहीये.”

“खेळू नका!” कवळीवाला किंचाळला. “अहो, खेळू नका त्याच्याशी!”

दार बंद झालं. त्याने पत्र्यावर दोन्ही हातांनी धडाधड मारलं. बस निघून गेली.

तासाभराने भाजीचा एक टेम्पो मिळाला. सासूबाई वाटभर बोलत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा याला ते बोलणं थांबू नये असं वाटत होतं.

दोन दिवसांनी तो बसस्थानकावर गेला. तोच कंडक्टर भेटला. शनिवारी शेवटच्या थांब्यावर चौकटीच्या शर्टातल्या माणसाला उठवायला गेले, तो उठला नाही. हार्टफेल, डॉक्टर म्हणाले. फोन हातात होता, आणि शर्ट काढला तेव्हा आतून, पाठीवर, पांढऱ्या खडूचा एक गोल. आणि मागच्या सीटवर कोण होतं, याने विचारलं. कंडक्टर म्हणाला, मागच्या सीटचं एकही तिकीट मी फाडलेलं नव्हतं.

सासूबाई धडधाकट आहेत. आजही जावयावर खेकसतात. त्यांना त्या रात्रीचं काहीच आठवत नाही. फक्त, मेव्हणीने त्यांचा स्वेटर धुवायला काढला तेव्हा तिने बहिणीला फोन केला. आईच्या स्वेटरला आतून, बरोब्बर पाठीच्या मध्यावर, पांढऱ्या खडूने एक गोल काढलाय. आणि त्या गोलावरून एक आडवी रेघ मारून तो खोडलाय. आतून, बरं का. अंगातला स्वेटर त्या दिवशी त्यांनी काढलाही नव्हता.

तीनदा धुतला. जात नाही.

कवळीवाल्याने आपला त्या रात्रीचा कोट कपाटात सगळ्यात खाली ठेवलाय. अजून त्याने तो उलटा करून पाहिलेला नाही.